व्हेटो: सर्वांचा होता, पाचांचा उरला

व्हेटो ही १९४५ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतल्या पाच बड्यांना मिळालेली नवी देणगी, असा समज आहे. खरा प्रकार उलटा. आधीच्या राष्ट्रसंघात निर्णय एकमतानेच व्हायचे, म्हणजे व्हेटो सगळ्यांकडेच होता. २४ ऑक्टोबर १९३१ रोजी जपानने मांचुरियातून सैन्य मागे घ्यावे या ठरावाला तेरा मते पडली, विरोधात एकच. ते जपानचे! वापरलेल्या कलमाखाली पक्षकाराचेही मत धरले जाई, त्यामुळे ठराव बारगळला.

नवी संघटना घडवताना हा अधिकार बाकीच्यांकडून काढून घेतला. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तडजोड झाली: कामकाजाच्या प्रश्नांत व्हेटो नाही, निर्बंध किंवा लष्करी कारवाई असेल तिथे पाचांची संमती हवीच. सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची सनद ठरत असताना ऑस्ट्रेलियाच्या हर्बर्ट एव्हॅट यांनी छोट्या देशांची बाजू जोरात लढवली. तेव्हा अमेरिकेचे सिनेटर टॉम कॉनली यांनी सनदेचा मसुदा छोट्या देशांच्या प्रतिनिधींसमोर टराटरा फाडला. व्हेटो नको तर सनदही नाही, असा त्याचा अर्थ. नाटकी होते, पण लागू पडले.

सनदेच्या २७व्या कलमानुसार ठरावाला पाचांचा होकार हवा. मग तटस्थ राहिलेल्याचे काय? एप्रिल १९४६ मध्ये स्पेनच्या ठरावावर सोव्हिएत प्रतिनिधी ग्रोमिको तटस्थ राहिले आणि याचा पायंडा समजू नये, असे बजावले. तटस्थ राहणे म्हणजे व्हेटो नव्हे, हा पायंडा पडलाच! १९७१ मध्ये नामिबिया प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. व्हेटोतली सर्वांत मोठी सुधारणा मला हीच वाटते, आणि तिच्यासाठी सनदेचा स्वल्पविरामही हलवावा लागला नाही.

व्हेटोला नावे ठेवताना आपण गोवा विसरतो. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने आणला. बाजूने सात, विरोधात चार. अकरा जणांच्या सुरक्षा परिषदेत सात मते पुरत. ठराव पडला तो केवळ सोव्हिएत नकारामुळे.

१९६५ मध्ये परिषद पंधरा जणांची झाली, सातांऐवजी नऊ मते लागू लागली. व्हेटो तसाच राहिला. १०८व्या कलमानुसार सनद बदलायलाही पाचांची मान्यता लागते. म्हणून एप्रिल २०२२ मध्ये लिख्टेनश्टाइनच्या पुढाकाराने आमसभेने आडवाट काढली: कुणी व्हेटो वापरला की कामकाजाच्या दहा दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा. व्हेटो वापरणाऱ्याला वक्त्यांच्या यादीत पहिला मान असतो. बोलायची सक्ती मात्र नाही.