थांबण्याचा हुकूम : पेशीतल्या तपासनाक्याचा शोध

मागच्या व्याख्यानात आपण डीएनएची दुरुस्ती कशी होते ते पाहिलं. आज त्याच्या अलीकडचा प्रश्न घेऊ. दुरुस्तीला वेळ लागतो. हा वेळ पेशीला कोण मिळवून देतं?

क्ष-किरण किंवा गॅमा किरण पडले की पेशींचं विभाजन काही काळ थांबतं, ही गोष्ट नवीन नव्हती. १९२० च्या दशकात केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींवर ती नोंदली गेली होती. पण तिचा अर्थ बहुतेकांनी सरळ लावला : यंत्र मोडलं, म्हणून बंद पडलं. त्यात शोधण्यासारखं काय आहे? हा सरळ अर्थ चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे कळायला सुमारे साठ वर्षं गेली.

ते कळलं यीस्टमुळे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लेलँड हार्टवेल १९६० च्या दशकाच्या शेवटापासून पावाच्या यीस्टमध्ये पेशीचक्राची जनुकं शोधत होते. त्यांच्याकडे टेड वाइनर्ट हे तरुण संशोधक आले. क्ष-किरणांनी सहज मरणारी यीस्टची उत्परिवर्तित वाणं तेव्हा माहीत होती. त्यांच्या जनुकांना 'रॅड' आणि पुढे क्रमांक अशी नावं होती. सगळ्यांची समजूत अशी, की या वाणांत दुरुस्तीचं काहीतरी बिघडलेलं असणार.

वाइनर्ट यांनी वेगळा प्रश्न विचारला. किरण पडल्यावर ही वाणं थांबतात का? निरोगी यीस्ट थांबत होतं. पेशीला मोठी कळी फुटलेली, पण केंद्रक अजून विभागलेलं नाही, अशा अवस्थेत ते तासन्‌तास उभं राही आणि मग पुढे जाई. 'रॅड ९' बिघडलेलं वाण मात्र थांबतच नव्हतं. तुटलेला डीएनए तसाच घेऊन ते विभागत राही, आणि काही पिढ्यांत मरून जाई.

इथे जरा थांबू. डीएनए दोन्हीकडे तुटलेला आहे. तरी एक थांबतं, दुसरं चालत राहतं. म्हणजे यंत्र मोडल्यामुळे बंद पडतं, हे म्हणणं टिकत नाही. मोडलेलं यंत्रही चालू शकतं. थांबणं हा हुकूम आहे, आणि तो पोचायला 'रॅड ९' लागतं.

पण एक शंका उरतेच. 'रॅड ९' दुरुस्तीही करत असेल तर? यासाठी त्यांनी केलेला प्रयोग आम्हाला फार आवडतो. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं ओढून नेणाऱ्या सूक्ष्मनलिका एका रसायनाने मोडता येतात. हे रसायन म्हणजे कार्बेन्डाझिम, आपल्याकडचे द्राक्षबागायतदार बुरशीनाशक म्हणून ओळखतात तेच. किरण दिल्यावर त्यांनी 'रॅड ९' नसलेल्या पेशी या रसायनात काही तास रोखून धरल्या आणि मग सोडल्या. आता कितीतरी जास्त पेशी जगल्या! दुरुस्तीची हत्यारं शाबूत होती, फक्त वेळ मिळत नव्हता. हा निबंध १९८८ साली 'सायन्स'मध्ये आला. पुढच्याच वर्षी दोघांनी या कल्पनेची व्यापक मांडणी केली. तिचं नाव 'चेकपॉइंट', आपल्या भाषेत तपासनाका. २००१ च्या नोबेल पारितोषिकात हार्टवेल यांचा वाटा होता.

यीस्टचं ठीक आहे, माणसाचं काय? अटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. यात मुलांचा तोल जातो, डोळ्यांत बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि कर्करोगाचा धोका वाढतो. अशा काही मुलांना कर्करोगासाठी नेहमीच्या मात्रेत किरणोपचार दिले, तेव्हा ते सोसले नाहीत. उपचारच घातक ठरला. १९८० साली पेंटर आणि यंग यांनी दाखवलं, की या रुग्णांच्या पेशी किरण पडल्यावरही डीएनएची नक्कल करणं नेहमीसारखं मंदावत नाहीत. पण तेव्हा तपासनाक्याची कल्पनाच नव्हती, त्यामुळे या निरीक्षणाला बसायला जागा मिळाली नाही.

ती जागा १९९० नंतर मिळाली. मायकेल कास्टन आणि सहकाऱ्यांनी आधी दाखवलं, की किरणांनंतर नक्कल सुरू होण्याआधीच पेशीला अडवण्यासाठी पी-५३ हे प्रथिन लागतं. माणसाच्या कर्करोगांत वारंवार बिघडलेलं सापडतं तेच हे प्रथिन. १९९२ साली त्यांनी पुढचा दुवा जोडला : या मुलांच्या पेशींत पी-५३ वेळेवर वाढत नाही. १९९५ मध्ये तेल अवीवच्या योसेफ शिलो यांच्या गटाने या आजाराचं जनुक शोधलं. त्याचं नाव एटीएम. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पहिली वर्दी देणाऱ्यांपैकी हे एक.

यातून आपण काय घ्यायचं? साठ वर्षं सगळ्यांना दिसत होतं, की पेशी थांबते. न थांबणारी पेशी समोर आली, तेव्हा थांबण्याला कारण असतं हे कळलं. आज अशा मुलांना किरणोपचार शक्यतो टाळतात, द्यावेच लागले तर मात्रा फार जपून ठरवतात. ती खबरदारी आधी अनुभवातून आली होती. तिच्यामागचं कारण समजायला मात्र यीस्टची मदत लागली.

नाका ओलांडू न देणारी ही वर्दी एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.