पर्सिमन : रसद तुटल्यावर उरणारे फळ

हिमाचलात नोकरी केलेल्या वाचकांना जपानी फळ ओळखीचे असेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुलू, कांगडा, मंडी भागात रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर टोमॅटोसारखी दिसणारी नारिंगी फळे मांडलेली असतात. वनस्पतिशास्त्रात त्याला डायोस्पायरॉस काकी म्हणतात, इंग्रजीत पर्सिमन. पण पर्सिमन हे नाव मुळात त्याचे नाहीच. ते त्याच्या अमेरिकी भावाचे आहे. आकाराने लहान, बियांनी भरलेला आणि बाजारात कधीच न रुळलेला हा भाऊ म्हणजे डायोस्पायरॉस व्हर्जिनियाना. आजचा लेख त्याच्यावर. फळावर लेख म्हणजे साहेब निवृत्तीची तयारी करू लागले, असे काहींना वाटेल. पण हे फळ सैन्याच्या इतिहासाशी फार जवळून जोडलेले आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा थेट मुंबई-वऱ्हाडापर्यंत येतो.

आधी झाडाची ओळख. कनेक्टिकटपासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला कॅन्सस-टेक्साससपर्यंत हे झाड आपोआप उगवते. टाकून दिलेली शेते, कुंपणांच्या कडा, रेल्वेलाइनचे बांध ही त्याची आवडती जागा. साल काळपट, आणि तिला चौकोनी भेगा, सुसरीच्या पाठीसारख्या. फळ लिंबाएवढे किंवा त्याहून लहान. कच्चे असताना तोंडात घातले तर जीभ, टाळू, गाल सगळे आवळून येते. कारण टॅनिन. हे विद्राव्य टॅनिन लाळेतील प्रथिनांना पकडते आणि तोंडातला ओलावाच गेल्यासारखे वाटते. फळ पूर्ण पिकून लिबलिबीत झाले की तेच टॅनिन अविद्राव्य होते आणि गर खारीक-जर्दाळूच्या वळणाचा गोड लागतो. थंडीचे दव पडल्याशिवाय फळ गोड होत नाही, असे तिकडचे जुने लोक सांगतात. प्रत्यक्षात गरज असते ती पूर्ण पिकण्याची. दव आणि पिकणे एकाच सुमारास येते, म्हणून श्रेय दवाला मिळाले.

पर्सिमन हा शब्द व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील पौहाटन लोकांच्या भाषेतून आला. त्याचा रोख वाळवलेल्या फळाकडे आहे, कारण ते लोक हे फळ वाळवून हिवाळ्यासाठी ठेवत. १५३९ ते १५४३ या काळात हर्नान्दो द सोतोची स्पॅनिश तुकडी दक्षिणेकडच्या प्रदेशातून फिरली, तेव्हा तिलाही गावागावात या फळाच्या वाळवलेल्या वड्या मिळाल्या. परक्या मुलखात, रसदीविना चालणाऱ्या त्या फौजेचे पोट स्थानिकांच्या कोठारांवर चालले होते आणि ती कोठारे बळाने रिकामी केली जात होती. पुढे १६०७ साली जेम्सटाउनची वसाहत झाली. तिथल्या कॅप्टन जॉन स्मिथने हे फळ कच्चे असताना तोंड वाकडे करते आणि पिकल्यावर जर्दाळूसारखे लागते, अशा अर्थाची नोंद केली आहे. चारशे वर्षांत त्या वर्णनात कोणाला फारशी भर घालता आलेली नाही.

आता मुख्य प्रसंग, अमेरिकेचे यादवी युद्ध. १९ एप्रिल १८६१ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. किनारा सुमारे ३,५०० मैलांचा आणि हाताशी जहाजे मोजकी, त्यामुळे सुरुवातीला ती कागदावरच होती. पण वर्ष-दोन वर्षांत फास आवळत गेला. जुलै १८६३ मध्ये व्हिक्सबर्ग पडले, मिसिसिपी नदी उत्तरेच्या ताब्यात गेली आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले. दक्षिणेने आपली जमीन कापूस आणि तंबाखूला वाहिलेली होती. कारखाने उत्तरेत, जहाजे उत्तरेत. कॉफी, औषधे, मीठ, कापड, कागद, बटणे, सगळ्यांचीच चणचण सुरू झाली.

इथे पर्सिमन कामाला आले. उत्तरेच्या शिपायाला राशनमध्ये कॉफी मिळत होती. दक्षिणेचा शिपाई रताळी, राय, भेंडीच्या बिया, ओकची फळे भाजून त्यांचा काढा पीत होता, आणि त्या यादीत पर्सिमनच्या बियाही होत्या. त्या भाजून, कुटून उकळायच्या आणि त्याला कॉफी म्हणायचे. त्याच टणक चपट्या बियांना भोके पाडून सदऱ्याची बटणे केली गेली. फळाचा गर आंबवून बिअर, शिरका, पाक केला गेला. हे ज्ञान नवे नव्हते. गुलामगिरीत राबणाऱ्या काळ्या लोकांच्या वस्त्यांत पर्सिमनची बिअर कितीतरी आधीपासून होत होती. ज्यांना जखडून ठेवण्यासाठी दक्षिण लढत होती, त्यांच्याच चुलीवरचे हे शहाणपण मालकांच्या टेबलावर पोहोचले. दक्षिणेच्या शिपायाच्या हालांबद्दल लिहिताना ही गोष्ट विसरता येत नाही.

औषधाच्या बाबतीत तर सरकारी पातळीवर प्रयत्न झाला. दक्षिणेच्या सैन्याचे सर्जन जनरल सॅम्युअल मूर यांनी डॉ. फ्रान्सिस पोर्चर यांच्यावर एक काम सोपवले. आयात औषधांना पर्याय म्हणून आपल्याच रानात काय मिळते, याचा ग्रंथ तयार करायचा. १८६३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात कच्च्या पर्सिमनचा तुरटपणा अतिसार आणि आवेवर उपयोगी म्हणून नोंदवला आहे. ही बाब किरकोळ समजू नये. त्या युद्धातील बळींचा जुना, सर्वत्र दिला जाणारा आकडा सुमारे ६ लाख २० हजार आहे, आणि त्यांतले साधारण दोन तृतीयांश गोळीने नव्हे तर रोगाने गेले. जुलाब आणि हगवण हे सर्वांत मोठे मारेकरी. ज्या सैन्याजवळ अफूचा अर्क आणि क्विनाईन पुरेसे उरले नाही, त्याच्या डॉक्टरांनी बांधावरच्या झाडाकडे पाहिले. त्यांनी दुसरे करायचे तरी काय होते?

त्या काळचा एक विनोद अमेरिकेत अजून सांगितला जातो. रांग सोडून झाडावर चढून कच्ची पर्सिमन खाणाऱ्या एका दक्षिणी शिपायाला अधिकारी विचारतो, अरे, ही कच्ची आहेत, कशाला खातोस? तो म्हणतो, साहेब, जेवढे राशन मिळते तेवढे पोट आवळून घेतोय. लंगरमध्ये उभे राहिलेल्या प्रत्येकाला या विनोदाची जात लगेच कळेल. जवान तक्रार करत नाही, तो विनोद करतो. पण अधिकाऱ्याने तो विनोद ऐकून हसण्यावर नेऊ नये. त्यात राशन स्टेट लिहिलेले असते. १८६४-६५ च्या हिवाळ्यात पीटर्सबर्गच्या खंदकांतून दक्षिणेचे शिपाई मोठ्या संख्येने पळू लागले. त्यामागे स्वतःची उपासमार होती, तशीच घरून येणारी पत्रेही होती. शेतावर माणूस नाही, मुलांना खायला नाही. जानेवारी १८६५ मध्ये फोर्ट फिशर पडले, विल्मिंग्टनचे बंदर बंद झाले, आणि ९ एप्रिलला जनरल ली यांनी शस्त्रे ठेवली.

दक्षिणेच्या घराघरांतील या काटकसरीचे पुढे फार कौतुक झाले. मला ते अर्धेच पटते. पर्यायी वस्तूंवर घर काही दिवस चालते, सैन्य चालत नाही. पर्सिमनच्या बियांची कॉफी पिण्याची वेळ आली, म्हणजे रसदीची लढाई हरून झालेली असते. मैदानावरचा निकाल नंतर लागतो इतकेच.

त्याच नाकेबंदीचे दुसरे टोक आपल्याकडे होते. युद्धापूर्वी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेतून येत असे. तो थांबला आणि लँकेशायरने मुंबईकडे तोंड वळवले. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बँका निघाल्या, समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर सट्टा चालला. प्रेमचंद रायचंद हे नाव याच काळात घरोघरी पोहोचले. १८६५ च्या वसंतात ली यांच्या शरणागतीची बातमी आली, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी मुंबईचा फुगा फुटला. प्रेमचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या आईचे नाव असलेला राजाबाई टॉवर आजही फोर्टात उभा आहे. खेड्यात मात्र टॉवर उभे राहिले नाहीत. तेजीत सैल सुटलेले सावकारी कर्ज मंदीत आटले, वसुली वाढली, आणि १८७५ साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्या दंग्यांच्या कारणांत इतिहासकार या आटलेल्या कर्जाचीही गणना करतात. व्हर्जिनियातील शिपाई बिया भाजत होता त्याच काळात वऱ्हाडातला शेतकरी कधी नव्हे तो रोख पैसा मोजत होता, आणि दोघांचेही दिवस एकाच बातमीने पालटले.

युद्धानंतर या झाडाचे काय झाले? लाकडाची चांदी झाली. पर्सिमन हा आबनूसच्या कुळातला, त्यामुळे लाकूड कठीण आणि घासून गुळगुळीत होणारे. सूतगिरण्यांचे धोटे त्याचे होत. नंतर गोल्फच्या ड्रायव्हरचे डोके त्याचे होऊ लागले. आपल्या छावण्यांच्या गोल्फ कोर्सवर एखाद्या जुन्या साहेबांच्या किटमध्ये तपकिरी लाकडी ‘वुड’ पाहिले असेल, तर ते बहुधा याच झाडाचे. १९७९ साली गॅरी ॲडम्स यांच्या टेलरमेड कंपनीने पोलादी ड्रायव्हर आणला. त्याला लोकांनी ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ हे टोपणनाव दिले, आणि पुढच्या दीड-दोन दशकांत लाकडी डोकी कपाटात गेली.

फळाला मात्र बाजाराने कधीच उचलले नाही. १८७० च्या सुमारास अमेरिकेच्या कृषी खात्याने जपानी पर्सिमनची कलमे आणली. ते फळ मोठे आणि टिकाऊ, त्यामुळे दुकानात तेच बसले. देशी फळ पिकले की हातात फुटते. पेटीत भरता येत नाही, ट्रकने पाठवता येत नाही. म्हणून ते राहिले परसबागेत. हौशी लोकांनी रानातली चांगली झाडे हेरली आणि त्यांची कलमे बांधली. इलिनॉयमधील ॲल्टन गावची ‘अर्ली गोल्डन’ ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली जात आजच्या कित्येक जातींची आजी आहे. न्यू हॅम्पशायरच्या एल्विन मीडर यांच्या नावाची ‘मीडर’ ही जात नर झाडाविनाही फळ धरते. इंडियाना राज्यातील मिचेल या लहानशा गावात १९४७ पासून पर्सिमनचा उत्सव भरतो, आणि तिथे कोणाचे पुडिंग चांगले यावर चुरस असते.

झाड लावण्याची रीतही थोडक्यात सांगतो. बी ओलसर ठेवून दोन-तीन महिने थंडीत काढावी लागते, त्याशिवाय ती उगवत नाही. सोटमूळ खोल जाते, म्हणून रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावायचे. नर आणि मादी झाडे वेगळी. बियांच्या झाडाला फळ यायला सहा-आठ वर्षे सहज लागतात, आणि ते नर निघाले तर तेवढी वाट पाहून फक्त सावली मिळते. म्हणून कलम बरे. आणखी एक खोच अशी की या झाडाचे दोन वंश आहेत, ६० गुणसूत्रांचा आणि ९० गुणसूत्रांचा, आणि त्यांचे आपसात नीट जमत नाही. नर लावताना वंश पाहून लावावा लागतो. एकदा रुजले की फवारणी नको, फारसे पाणी नको, उणे २५ अंशांची थंडीही सोसते. तोडणीचा नियम एकच. फळ झाडाने सोडले तर खायचे, ओढून काढायचे नाही. कच्ची फळे भरपूर खाल्ली तर पोटात टॅनिनचा घट्ट गोळा बनू शकतो, आणि तो काढायला कधी शस्त्रक्रिया लागते.

आपल्याकडे हे झाड लावा असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे त्याचे सख्खे भाऊबंद आधीच आहेत. हिमाचल-काश्मीरात आमलूक, ज्याच्या खुंटावर जपानी फळाचे कलम बांधतात. विदर्भात तेंदू, म्हणजे टेंभुर्णी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियात त्याच्या पानांचा हंगाम उन्हाळ्यात हजारो घरांत रोख पैसा आणतो, कारण विडी त्याच पानाची. पानाला लिलाव आहे, कंत्राटदार आहे, सरकारी दर आहे. त्याच झाडाच्या पिवळ्या, गोड टेंभरांना मात्र यातले काही नाही. ती रानात जाणारी पोरे खातात आणि अस्वले खातात.

निवृत्तीनंतर गावाकडे जमिनीचा तुकडा घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. केशर आंबा, ड्रॅगन फ्रूट, चंदन यांचे हिशेब मी दर महिन्याला व्हॉट्सॲपवर वाचतो. ते जरूर करा. पण बांधाला दोन झाडे अशीही असू द्या ज्यांचे फळ विकता येत नाही. बोर, करवंद, जांभूळ, टेंभुर्णी, जे आपल्या मातीत येते ते. आणि तुमच्या भागात टेंभरे अजून कोणी खात असेल, वाळवून ठेवत असेल, तर कळवा. त्यावर वेगळे लिहायचे आहे.

जय हिंद.