'ओरिजिन' म्हणजे नक्की कोणाचे?

लिनक्स कर्नलचे काम २००२ पासून बिटमूव्हर कंपनीच्या बिटकीपर या प्रणालीवर चालत होते. २००५ मध्ये कंपनीने मोफत वापराची सवलत काढून घेतली. तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच एप्रिलमध्ये अवघ्या काही दिवसांत 'गिट' उभे केले.

त्याआधीच्या सीव्हीएस किंवा सबव्हर्जनमध्ये मुख्य दप्तर एकच असे. नुसते 'सर्व्हर' म्हटले तरी सगळ्यांना कळे. गिटने हे केंद्रच काढून टाकले. प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण इतिहास असतो आणि देवाणघेवाण कोणाशीही करता येते. म्हणून दूरच्या प्रत्येक सर्व्हरला, म्हणजे 'रिमोट'ला, नाव द्यावे लागते.

आपण नाव दिले नाही, तर जिथून प्रत घेतली त्या जागेला गिट 'ओरिजिन' म्हणते. गिटच्याच महिन्यात जन्मलेले मर्क्युरिअल तिला 'डिफॉल्ट' म्हणते. सुरुवातीला गिटमध्ये 'ओरिजिन' नावाची स्थानिक शाखाही तयार होई. आपले काम कोणते आणि दुसऱ्याकडून आलेले कोणते, याची सरमिसळ होण्याचा धोका असे. २००७ च्या १.५ आवृत्तीपासून दूरच्या शाखांसाठी वेगळा कप्पा हीच नेहमीची पद्धत झाली.

खरा गुंता पुढे झाला. २००८ मध्ये गिटहब आले आणि 'फोर्क' करणे, म्हणजे सर्व्हरवरच स्वतःची प्रत काढणे, अंगवळणी पडले. फोर्कवरून काम करणाऱ्याचे 'ओरिजिन' म्हणजे त्याची स्वतःची प्रत. मूळ प्रकल्पाला तो 'अपस्ट्रीम' म्हणतो. पण थेट मूळ प्रकल्पातून प्रत घेणाऱ्याचे 'ओरिजिन' म्हणजे मूळ प्रकल्पच! घरात 'मामा' म्हटले की कोणाचा मामा, हे बोलणाऱ्यावर ठरते, तसेच हे. "ओरिजिनवर पाठवून दे" एवढाच निरोप दिला, तर एकाचे काम त्याच्या प्रतीत राहते आणि दुसऱ्याचे अर्धवट काम थेट सगळ्यांच्या प्रकल्पात जाऊन पडते.

गिट ही नावे फक्त आपापल्या संगणकावर ठेवते. ती सहकाऱ्यांपर्यंत आपोआप पोहोचत नाहीत. म्हणून संघाने ती एकत्र बसून ठरवावीत आणि लिहून ठेवावीत. नाव असे हवे की ते कोणाचे आणि कशासाठी, हे वाचताच कळावे: 'मुख्य', 'माझी', 'चाचणी'. रिमोटचे नाव नंतरही बदलता येते. डिसेंबर २०२० च्या २.३० आवृत्तीपासून तर 'ओरिजिन'ऐवजी आपल्या पसंतीचे नाव कायमचे नेमून ठेवता येते.

'ओरिजिन' ही गिटने केलेली सोय आहे, सक्ती नाही. ते नाव फक्त प्रत कुठून आली एवढेच सांगते. त्या जागेवर हक्क कोणाचा, हे संघालाच सांगावे लागते.