रुमालाखालचा आकडा

दलाल हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ वाट दाखवणारा. पुरावा या अर्थाचा 'दलील' हा शब्द त्याच धातूतला, म्हणजे दलालाचा सख्खा भाऊच. आपल्या बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करतो, हे आपण पाहिलेलं आहे. भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नाही, पण ज्यांची बोटं रुमालाखाली असतात त्यांना आकडा नेमका कळतो. आज ज्या व्यापाराविषयी बोलायचं आहे, त्यातही रुमाल आहे. फक्त माल ज्याचा, त्याचाच हात रुमालाबाहेर आहे.

हा व्यापार अमेरिकेतला, जुन्या घरांचा. तिथल्या शहरांत, पडझड झालेल्या वस्त्यांमध्ये विजेच्या खांबांवर हातभर पाट्या ठोकलेल्या दिसतात : 'आम्ही घरं विकत घेतो. रोख.' खाली फोन नंबर. डलास शहरात १९९६ साली सुरू झालेल्या होमव्हेस्टर्स कंपनीनं तर 'आम्ही कुरूप घरं घेतो' हेच आपलं ब्रीद केलं. पण खांबावर पाटी ठोकणाऱ्या पुष्कळांना घर नकोच असतं. त्यांना तिथं होलसेलर म्हणतात. होलसेलर घरमालकाशी करार करतो, आपल्या भाषेत साठेखत. थोडासा इसार देतो आणि खरेदीखताची मुदत संपायच्या आत ते साठेखतच तिसऱ्या माणसाला विकून मोकळा होतो. हा तिसरा माणूस म्हणजे रिहॅबर. तो पडकं घर घेतो, छप्पर, नळ, वायरिंग नीट करतो, नवं स्वयंपाकघर बसवतो, रंग देतो आणि विकतो. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात इसारपावत्या फिरवून पैसे कमावणारे लोक ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे निराळं समजावून सांगायला नको.

मी कवी माणूस, पण या धंद्याचा हिशेब मलाही समजतो, कारण तो उलटा मांडलेला असतो. समजा, दुरुस्तीनंतर घर २ लाख डॉलरना जाईल. हा आकडा हवेतून येत नाही. त्याच परिसरातली, तेवढ्याच आकाराची, गेल्या सहा महिन्यांत विकली गेलेली तीन-चार घरं पाहून तो काढतात. त्याचे ७० टक्के म्हणजे १ लाख ४० हजार. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, समजा ४० हजार. उरले १ लाख. रिहॅबर याच्या वर सहसा जात नाही. होलसेलरला मध्ये १० हजार सुटायला हवेत, म्हणून तो मालकाला ९० हजार सांगतो. जमलं तर ८०. वरच्या ३० टक्क्यांत खासगी सावकाराचं चढं व्याज, खरेदी-विक्रीचे खर्च, एजंटचं कमिशन, घर रिकामं असतानाचा कर आणि विमा, आणि शेवटी रिहॅबरचा नफा. हा नियम कुठल्या कायद्यात नाही, धंद्यातली वहिवाट आहे. गिऱ्हाईक उड्या मारत असलं की टक्के वर सरकतात.

यात लबाडीला दोनच जागा आहेत. दुरुस्तीनंतरची किंमत फुगवायची, नाहीतर दुरुस्तीचा खर्च दाबायचा. मुरलेला रिहॅबर होलसेलरच्या कागदावरचे दोन्ही आकडे बाजूला ठेवतो, बॅटरी घेऊन तळघरात उतरतो, पायाच्या भिंतीला तडा आहे का पाहतो आणि स्वतःचा हिशेब स्वतः करतो. त्याला एकदा फसवलं तर तो पुन्हा फोन उचलत नाही, आणि होलसेलरचं सगळं भांडवल म्हणजे अशा रोखीनं घेणाऱ्यांची यादी. म्हणून रिहॅबरशी तो बराचसा खरा वागतो. घरमालक मात्र त्याला आयुष्यात एकदाच भेटतो. वारशानं घर मिळालेला, घटस्फोट झालेला, कर थकलेला किंवा जप्तीची नोटीस हातात पडलेला. त्याच्याशी खरं वागण्याचं धंद्याला कारण उरत नाही.

या धंद्याला आजचं रूप १९८० नंतर आलं. रॉबर्ट अ‍ॅलन यांचं खिशात पैसा नसताना घरं कशी घ्यावीत हे सांगणारं 'नथिंग डाउन' हे पुस्तक त्याच साली निघालं. मागोमाग रात्रीच्या टीव्हीवर असे धडे विकणारे आले. २००८ च्या पडझडीत लाखो घरं जप्त झाली, तेव्हा त्यांचीच चलती झाली. पण घर विकणारा आणि राहायला येणारा यांच्यामध्ये उभं राहून आकडा दोघांपासून लपवायचा, ही विद्या त्याहून जुनी आहे. ती नीट पाहायची तर शिकागोच्या पश्चिम भागातल्या नॉर्थ लॉन्डेल या वस्तीत जायला हवं.

१९५० साली या वस्तीतली दहातली जवळपास नऊ माणसं गोरी होती, त्यांत ज्यू बरेच. १९६० साली दहातली नऊ काळी होती. दहा वर्षांत एवढी उलथापालथ आपोआप होत नाही. १९३३ साली सरकारनं घरकर्जासाठी एक महामंडळ काढलं होतं. त्यानं दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले : हिरवा, निळा, पिवळा आणि लाल. काळ्यांची वस्ती म्हणजे लाल. १९३४ साली घरकर्जाला विमा देणारं खातं निघालं, त्यानंही अशा वस्त्यांना विमा नाकारला. विमा नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही. दक्षिणेतून कामासाठी आलेल्या, पगार घेणाऱ्या, घर घेऊ शकणाऱ्या हजारो कुटुंबांना कर्जाचं दारच बंद.

त्या बंद दारापाशी दलाल उभा राहिला. आधी त्यानं गोऱ्यांना घाबरवलं. १९६२ साली 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट' या साप्ताहिकात अशा एका दलालानं टोपणनावानं आपल्या धंद्याची कबुलीच छापली. गल्लीत एखाद्या काळ्या बाईला बाबागाडी ढकलत फिरायला लावायचं, एवढंही पुरायचं. घाबरलेला मालक मिळेल त्या भावाला घर टाकून जायचा. मग तेच घर काळ्या कुटुंबाला हप्त्यांच्या करारावर विकायचं. मालकीचा कागद शेवटचा हप्ता फिटेपर्यंत दलालाकडे. एक हप्ता चुकला की घर गेलं, अनामत गेली, भरलेले सगळे पैसे गेले. रिकामं झालेलं घर पुन्हा नव्या कुटुंबाला. गंमत म्हणजे दलालांना त्याच शहरातल्या संस्था कर्ज देत होत्या, आणि हे हप्त्यांचे करार पुढं डॉक्टर, वकील अशा प्रतिष्ठितांनी गुंतवणूक म्हणून विकत घेतले. घर एका जागी, आणि त्याचा कागद हातोहात फिरतोय. इथं तो आजच्या होलसेलरचा पूर्वज वाटतो.

क्लाइड रॉस हे त्यातले एक गिऱ्हाईक. मिसिसिपीत जन्मलेले, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात राहिलेले. १९६१ साली त्यांनी लॉन्डेलमध्ये २७,५०० डॉलरना घर घेतलं. सहाच महिन्यांपूर्वी मध्यस्थानं ते १२,००० ला घेतलं होतं. ड्यूक विद्यापीठाच्या एका केंद्रानं २०१९ साली शिकागोतल्या अशा व्यवहारांचा अहवाल काढला. त्यात किमतीची सरासरी वाढ ८४ टक्के निघाली, आणि काळ्या कुटुंबांचं एकूण नुकसान आजच्या हिशेबानं ३ ते ४ अब्ज डॉलर.

माझं नाव ऐकून भाड्याची खोली 'आत्ताच गेली' असं मीही ऐकलेलं आहे. ज्याला दहा दारांवर नकार मिळतो त्याच्याकडून अकरावं दार काय वसूल करतं, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. म्हणून लॉन्डेलच्या लोकांनी इतका भाव दिलाच कसा, असं कुणी विचारलं की मला त्या प्रश्नाचंच नवल वाटतं.

मार्टिन ल्यूथर किंग जानेवारी १९६६ मध्ये याच वस्तीत भाड्याच्या घरात राहायला आले. आपला भाडेकरू कोण आहे हे कळताच मालकानं घाईघाईनं रंगरंगोटी आणि डागडुजी करून घेतली. जी दुरुस्ती वर्षानुवर्षं परवडत नव्हती, ती एका नावासाठी परवडली.

खरा बदल वस्तीतूनच आला. मार्क सॅटर नावाचे वकील १९६५ साली मरेपर्यंत या दलालांशी कोर्टात झुंजत राहिले. त्यांच्या मुलीनं, इतिहासकार बेरिल सॅटर यांनी, २००९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. १९६८ साली 'कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग' उभी राहिली. जॅक मॅकनमारा या तरुण कार्यकर्त्याबरोबर कॉलेजच्या मुलांनी सरकारी दप्तरात बसून एकेका घराचा कागद काढला : दलालानं ते कितीला घेतलं, तुम्हाला कितीला विकलं. तोवर प्रत्येक कुटुंब आपण एकटेच फसलो या लाजेनं गप्प होतं. शेजाऱ्याला शेजाऱ्याचा भाव ठाऊक नव्हता. रूथ वेल्स ही बाई आधी बोलली, मग चर्चच्या सभेत एकेक जण उठून स्वतःचे दोन आकडे सांगू लागला. शेकडो कुटुंबांनी दलालाला हप्ते द्यायचे थांबवले. १९७० मध्ये शेरीफच्या माणसांनी सामान रस्त्यावर काढलं, लोकांनी ते उचलून पुन्हा घरात नेऊन ठेवलं. १९७६ साली त्यांचा एक मोठा दावा ज्युरीपुढं हरला. पण त्याआधी बऱ्याच दलालांना करार बदलून भाव खाली आणावे लागले होते.

आजचा होलसेलर म्हणजे तो दलाल नव्हे. गळकं, कुणी कर्ज देणार नाही असं घर तो खपवतो, रिहॅबर ते उभं करतो, गल्लीतला एक अंधार कमी होतो. हे काम आहे आणि कामाला मोल हवं. माझी तक्रार त्या १० हजारांवर नाही, ते मालकाला न सांगण्यावर आहे.

अलीकडे कायद्यांनी तिकडं लक्ष वळवलं आहे. इलिनॉयनं २०१९ साली वर्षातून एकाहून अधिक असे सौदे करणाऱ्याला परवान्याची अट घातली. ओक्लाहोमानं २०२१ मध्ये आणि पेनसिल्व्हेनियानं २०२४ मध्ये कायदे केले. त्याआधीच २०२० साली फिलाडेल्फिया शहरानं परवाना तर लावलाच, वर आणखी एक कलम घातलं : सही घेण्याआधी होलसेलरनं घरमालकाला त्याचे हक्क आणि घराचा खरा बाजारभाव कसा शोधायचा, याची माहिती द्यायची.