मिनामाताच्या गाळातील पारा

जपानच्या क्युशू बेटावरील मिनामाता हे मासेमारीवर जगणारे गाव १९०८ मध्ये तेथे आलेल्या रसायन कारखान्यामुळे, म्हणजे पुढे चिस्सो या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीमुळे, औद्योगिक नगर बनले. कारखान्याच्या सांडपाण्याने मासे कमी होतात, ही कोळ्यांची तक्रार इतकी जुनी होती की १९२६ मध्येच कंपनीने, पुन्हा तक्रार करू नये या अटीवर, त्यांच्या संघाला काही रक्कम देऊन विषय मिटवला होता. पैसे घेऊन गप्प बसवण्याची ही रीत पुढील अर्धशतक चालली.

१९३२ पासून कारखान्यात अॅसिटाल्डिहाइड तयार होऊ लागले आणि त्यासाठी पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रियेला गती देणारा पदार्थ म्हणून, वापरले जाई. प्रत्यक्षात त्यातला काही पारा दरवेळी वाया जाऊन ह्याक्केन नाल्यावाटे उपसागरात उतरे. जड धातू कुजत नाहीत की विघटित होत नाहीत. ते बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात, आणि जेथे लाटांचा जोर कमी तेथे थरावर थर साचतात. मिनामाताचा उपसागर असाच शांत व जवळजवळ बंदिस्त होता. मेथिल पारा हा पाऱ्याचा सर्वांत घातक प्रकार गाळातील जिवाणूही बनवू शकतात. मिनामातात मात्र त्याचा मोठा भाग कारखान्यातच तयार होत होता. पाण्यात त्याचे प्रमाण अत्यल्प असले, तरी लहान जीवांकडून माशांकडे आणि माशांकडून मांजरे व माणसांकडे जाताना ते पायरीपायरीने वाढत जाई.

१ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख हाजिमे होसोकावा यांनी मज्जासंस्थेच्या अनाकलनीय विकाराची नोंद आरोग्य खात्याकडे केली. १९५९ च्या जुलैत कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले, आणि नाल्याच्या तोंडाशी गाळात दशलक्ष भागांत सुमारे २,०१० भाग, म्हणजे किलोमागे दोन ग्रॅम, पारा आढळला. तोंडापासून दूर जावे तसे प्रमाण घटत होते. पाऱ्याचा उगम कोठे आहे हे सांगायला एवढा पुरावा पुरेसा होता. तथापि त्याआधीच, १९५८ मध्ये, कंपनीने सांडपाण्याचा मार्ग नदीच्या मुखाकडे वळवला होता, आणि त्यामुळे उपसागराबाहेर शिरानुई समुद्राच्या काठची गावेही या रोगाच्या कक्षेत आली. या साऱ्या इतिहासात याहून अक्षम्य निर्णय शोधणे कठीण आहे. अॅसिटाल्डिहाइडचे उत्पादन १९६८ च्या मे महिन्यात थांबले. कारखान्याचे सांडपाणी हेच रोगाचे कारण, हे सरकारने सप्टेंबरमध्ये मान्य केले.

प्रदूषण थांबले तरी गाळ तेथेच होता. दशलक्षात २५ भागांहून अधिक पारा असलेला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ हाताळण्याचे काम १९७७ मध्ये सुरू झाले. उपशाने विष पुन्हा ढवळून निघेल या भीतीने रहिवासी न्यायालयात गेल्याने ते काही काळ अडले आणि १९९० मध्ये संपले. तो गाळ नष्ट करता येण्यासारखा नव्हता, म्हणून उपसागराचा आतला भाग पोलादी भिंतींनी बंद करून बाहेरचा उपसलेला गाळ तेथे भरला, वर कृत्रिम आवरण व स्वच्छ माती टाकली आणि ५८ हेक्टर नवी जमीन तयार केली. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून १९७४ पासून उपसागराच्या तोंडाशी लावलेले जाळे १९९७ मध्ये काढण्यात आले. त्या भरावावर आज उद्यान आहे, आणि त्याखाली तोच गाळ आहे.