बॉनेटखालची उष्णता : मोटारीच्या श्वासाचा इतिहास



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून राजकारणाचा, साहित्याचा किंवा संगीताचा इतिहास ऐकण्याची आपल्याला सवय आहे. यंत्रांनाही इतिहास असतो आणि तो पुष्कळदा एखाद्या क्षुल्लक वाटणाऱ्या भागात साठलेला असतो. म्हणून मी आज मोटारीच्या एका नळीविषयी बोलणार आहे. इंजिनात हवा जिच्यातून शिरते ती ही नळी. गाडी विकत घेतल्यावर कारखान्याने दिलेली नळी काढून तिच्या जागी बाजारातली दुसरी बसवण्याचा मोठा व्यवसाय अमेरिकेत उभा राहिला. बॉनेटखालची गरम हवा हा इंजिनाचा शत्रू आहे, हे त्या व्यवसायाचे घोषवाक्य. माझे म्हणणे असे की, ही उष्णता आरंभी शत्रू नव्हती. तिला मुद्दाम बोलावून आणले होते. आणि तिला दूर ठेवण्याचे काम कारखान्यांनी बरेचसे उरकल्यानंतरच ही घोषणा सर्वांत मोठ्याने दिली गेली.

प्रथम थोडे पदार्थविज्ञान. हवा तापली की विरळ होते. ३० अंश सेल्सियसची हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर तेवढ्याच आकारमानात सुमारे ९ टक्के कमी हवा मावते. हवा कमी म्हणजे प्राणवायू कमी, आणि प्राणवायू कमी म्हणजे जाळता येणारे इंधनही कमी. मात्र इंजिनाची शक्ती याच प्रमाणात घटते असे समजू नये. आधीच तापलेली हवा सिलिंडरच्या गरम भिंतींकडून फारशी आणखी तापत नाही. त्यामुळे अमेरिकी अभियंत्यांच्या मानक सूत्रात शक्तीचा हिशेब करताना निरपेक्ष तापमानाचे वर्गमूळ घेतात. वरच्या उदाहरणात प्रत्यक्ष तोटा ४ ते ५ टक्क्यांच्या आसपास येतो. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे उपयोगी पडेल.

आता मागे जाऊ. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव लोखंडी नळकांड्याला लगटून पत्र्याची एक नळी असे. तिच्यातून तापलेली हवा थेट कार्बुरेटरला मिळे. हे अज्ञान नव्हते. त्या काळचे पेट्रोल आजच्यासारखे चटकन उडणारे नव्हते. शिवाय द्रवाची वाफ होताना तो आसपासची उष्णता शोषून घेतो. मडक्यातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने कार्बुरेटरचा गळा थंड पडतो. हवा दमट असेल तर बाहेर १० अंश तापमान असतानाही आत बर्फ धरू शकते. मग इंजिन अडखळते, बंद पडते. तेव्हा थोडी शक्ती गमावून गाडी चालती ठेवणे हाच शहाणपणा होता. १९५९ साली आलेल्या ब्रिटिश 'मिनी' गाडीतही एअर क्लीनरचे तोंड हिवाळ्यात गरम नळकांड्याजवळ वळवावे आणि उन्हाळ्यात तिथून दूर न्यावे, अशी व्यवस्था होती. गृहिणी ऋतुमानाप्रमाणे खिडकी उघडते-मिटते, तसाच हा प्रकार.

उष्णतेला हाकलण्याची खरी घाई झाली ती शर्यतीच्या मैदानावर. पाव मैलाच्या सरळ शर्यतीत एकदशांश सेकंदालाही किंमत असते. १९६४ साली फोर्डने फेअरलेन या मध्यम आकाराच्या गाडीत ४२७ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ७ लिटरचे इंजिन बसवून शंभरएक 'थंडरबोल्ट' बनवल्या. या गाडीच्या समोरच्या चार दिव्यांपैकी आतले दोन काढून तिथे जाळ्या लावल्या होत्या, आणि त्या जाळ्यांमागून निघालेल्या दोन जाड नळ्या कार्बुरेटरांवरच्या डब्यात शिरत. दिव्याच्या खोबणीतून श्वास घेणारी ही गाडी मला त्या सबंध काळाचे प्रतीक वाटते. रस्त्यावरच्या सोयीचा बळी देऊन बाहेरची गार हवा मिळवायची, हा सौदा तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेला होता.

पॉन्टिअॅकची गोष्ट याहून गमतीची आहे. तिच्या १९६४ च्या 'जीटीओ'च्या बॉनेटवरील हवेची तोंडे नुसती शोभेची होती. त्यांतून आत काहीच जात नसे. १९६५ मध्ये विक्रेत्यांमार्फत एक संच मिळू लागला. त्यात एक तबक आणि फोमची पट्टी असे. तोंडे कापून मोकळी करायची, कार्बुरेटरभोवती तबक बसवायचे आणि बॉनेट मिटले की फोमने बॉनेटखालची गरम हवा अडवायची. दागिन्याचे अवजार झाले, ते असे. पुढच्याच वर्षी ओल्ड्समोबिलने '४-४-२' या गाडीच्या 'डब्ल्यू-३०' प्रकारात समोरून हवा आणणाऱ्या जाड नळ्या दिल्या. त्यांना जागा करण्यासाठी बॅटरी उचलून मागे डिकीत नेऊन ठेवावी लागली. बॉनेटखाली जागा किती दुर्मीळ असते, हे ज्यांनी गॅरेजमध्ये हात काळे केले आहेत त्यांना सांगायला नको.

इतक्यात वारे फिरले. १९७० साली अमेरिकेत स्वच्छ हवेचा कायदा झाला. गार इंजिनात इंधनाची नीट वाफ होत नाही, अर्धवट जळलेले हायड्रोकार्बन बाहेर पडतात. म्हणून कारखान्यांनी गरम हवा पुन्हा बोलावली. एअर क्लीनरच्या तोंडाशी एक झडप आली. इंजिन गार असताना ती धुराच्या नळकांड्यावरची गरम हवा आत घेई आणि पुरेशी ऊब आली की बाहेरच्या हवेकडे वळे. मॉडेल टीची नळी साठ वर्षांनी परतली, फरक इतकाच की आता ती स्वतः विचार करीत होती. हौशी मंडळींनी मात्र ती शक्तिचोर ठरवून उपटून फेकली. त्यांच्यावर मी फार रागावू शकत नाही; झडप अडकून सतत गरम हवाच ओढत राहिली, तर तक्रार खरीच असे.

या कोंडीतून सोडवले ते इंधन-फवारणीने. पेट्रोल थेट झडपेच्या गरम पाठीवर उडू लागल्यावर लांबच्या नळीतून ऊब आणण्याची गरज संपली. १९८० च्या दशकापासून बहुतेक कारखान्यांनी नळीचे तोंड रेडिएटरच्या पुढे किंवा मडगार्डच्या पोकळीत नेले आणि फिल्टर प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवला. त्या डब्याशेजारी आवाज गिळणारी आणखी एक पोकळी असे. म्हणजे गार हवेची सोय गाडीसोबतच येऊ लागली.

आणि नेमक्या याच काळात बाजारातल्या नळ्यांची भरभराट झाली. कॅलिफोर्नियात १९६९ मध्ये सुरू झालेल्या के अँड एन कंपनीचे तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टर मूळचे मोटारसायकलींच्या धुळीतल्या शर्यतींतून आलेले होते. तिथे धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर ही खरी गरज होती. १९९० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी होंडा सिव्हिकसारख्या लहान गाड्यांत आखूड नळी आणि तिच्या टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवायला सुरुवात केली. गाडी डरकाळी फोडू लागली. पण डबा गेला आणि शंकू इंजिनाशेजारी उघडा राहिला; सिग्नलवर गाडी उभी असताना तो रेडिएटरच्या पंख्याने फेकलेली हवाच ओढू लागला. आवाज गिळणारी पोकळी काढल्यामुळे वाढलेला आवाज कानाला शक्तीसारखा वाटे. शक्ती वाढल्याच्या कित्येक दाव्यांच्या मुळाशी हा कर्णभ्रम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काहींनी नळी लांब करून फिल्टर बंपरमागे खाली नेला. हा उपाय तत्त्वाला धरून होता. मात्र पावसाच्या साचलेल्या पाण्यात फिल्टर बुडाला, तर इंजिन पाणी ओढते. पाणी दबत नाही. दट्ट्या थांबतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग नळीत मध्येच एक हवाई झडप घालून विकण्याची पाळी आली.

फायदा मोजण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. गाडी रोलरवर चढवतात, बॉनेट उघडे ठेवतात, समोर मोठा पंखा लावतात आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून आकडा घेतात. ज्या उष्णतेविषयी वाद, तीच मोजणीतून बाहेर पडते. रस्त्यावर बॉनेट मिटलेले असते आणि अॅक्सिलरेटर बहुधा अर्धाही दाबलेला नसतो. अशा वेळी हवा गरम असली तर चालक पाय किंचित अधिक दाबतो, एवढाच फरक. मघाचा ४ ते ५ टक्क्यांचा तोटा केवळ पूर्ण शक्ती मागताना जाणवतो, आणि गाडी वेगात धावू लागली की बॉनेटखालून वारा वाहून तोही कमी होतो. न्याय्यपणे हेही सांगितले पाहिजे की, ज्यांनी शंकूभोवती नीट बसणारी भिंत घातली, बॉनेटला टेकणारी रबरी कड दिली आणि तोंड बाहेर काढले, त्यांच्या नळ्यांनी खऱ्या शर्यतीत काम दिले. ती रचना म्हणजे पॉन्टिअॅकच्या १९६५ च्या तबकाचीच नवी आवृत्ती होय.

कॅलिफोर्नियाच्या हवा नियंत्रण मंडळाने या नळ्यांना आणखी एक अट घातली. प्रदूषण वाढत नाही हे चाचणीने दाखवल्याशिवाय त्या रस्त्यावरच्या गाडीत चालत नाहीत. मान्यता मिळाली की आदेशाचा क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाची चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवायची असते. शक्ती किती वाढली, याविषयी ती चिठ्ठी एक अक्षरही बोलत नाही.