सुरतेची पत आणि पैशाची गाणी

सुरतेचे नाव काढले की मराठी माणसाला प्रथम आठवते ती लूट. 1664 च्या जानेवारीत आणि पुन्हा 1670 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी हे बंदर लुटले, ही गोष्ट आपण शाळेत इतक्या वेळा घोकलेली असते की, त्यापलीकडे सुरतेची काही कथा असेल याची जाणीवच आपल्याला राहत नाही. मोगलांच्या साम्राज्याचे ते सर्वांत श्रीमंत बंदर होते, मक्केच्या यात्रेकरूंची गलबते तेथून सुटत, आणि ज्याच्याकडून इंग्रजांची वखार कर्ज काढी असा वीरजी व्होरा तेथे नांदत होता, इतके सांगून इतिहासाचे पुस्तक पान उलटते. आज मला त्या लुटीविषयी बोलावयाचे नाही. पैशात लोळणाऱ्या या नगरीच्या वाट्याला पैशाची गाणी कोणती आली, आणि ती कोणी व कोठे गाइली, हे थोडे पाहावयाचे आहे.

माझी प्रथम अशी समजूत होती की, एवढ्या श्रीमंत गावाची गाणी सोन्याचांदीची, हिऱ्यामोत्यांची असतील. तशी काही नाहीत असे नव्हे. लग्नघरात व्याह्यांच्या कंजूषपणाची खिल्ली उडविणारी फटाणी गुजरातेत घरोघर आहेत, आणि आपल्याकडच्या विहिणींच्या गाण्यांशी त्यांचे नाते सख्ख्या बहिणीचे आहे. परंतु गुजरातच्या बाजारपेठेने ज्या गाण्यावर जीव टाकला ते सोन्याचे नाही. ते एका कागदाचे आहे. नरसी मेहत्याची हुंडी हे त्याचे नाव.

कथा आपल्याला परकी नाही. ताहराबादच्या महीपतीने 1762 मध्ये पुऱ्या केलेल्या ‘भक्तविजया’त ती सांगितली आणि तेव्हापासून आपले हरिदास ती कीर्तनात रंगवीत आले आहेत. जुनागडास द्वारकेचे यात्रेकरू येतात. वाटेत चोरांचे भय, म्हणून जवळची रोकड कोणा सावकाराकडे ठेवून द्वारकेवर हुंडी घ्यावी असा त्यांचा विचार. गावातले टवाळ त्यांना निष्कांचन नरसीचे घर दाखवितात. नरसी सातशे रुपये घेतो, संतसेवेत खर्चून टाकतो आणि द्वारकेच्या शामळशा शेटजीवर हुंडी लिहून देतो. द्वारकेत या नावाचा शेट कोणाला ठाऊकच नसतो. यात्रेकरू कपाळाला हात लावून बसतात, तोच कानाला लेखणी खोवलेला एक वाणी पुढे येऊन पैसे मोजून देतो. तो वाणी कोण, हे श्रोत्यांना सांगावे लागत नाही.

ही कथा 1677 मध्ये आख्यानात बांधली ती वडोदऱ्याच्या प्रेमानंदाने. तो जातीचा कथेकरी, माणभट्ट. तांब्याची माण, म्हणजे मोठी घागर, पुढ्यात घ्यायची, बोटांत अंगठ्या घालून तिच्यावर ताल धरायचा आणि रात्र रात्र आख्यान गायचे, हा त्या लोकांचा व्यवसाय. विसाव्या शतकात वडोदऱ्याच्याच धार्मिकलाल पंड्यांनी ही कला जिवंत ठेवली होती. प्रेमानंदाने स्वतःविषयी एक मोकळी कबुली देऊन ठेवली आहे, आणि ती मला फार आवडते. पोटासाठी आपल्याला सुरत आणि नंदुरबार ही गावे धरावी लागली, असे तो सांगतो. म्हणजे पैशाची कथा सांगणाराही पैशासाठीच सुरतेला आला होता, आणि तेथून आपल्या खानदेशातही. त्याचे सुप्रसिद्ध ‘नळाख्यान’ सुरतेत आरंभले गेले आणि 1686 मध्ये नंदुरबारास पुरे झाले. फाशांवर राज्य घालवणाऱ्या राजाची ही कथा सुरतेत सुरू व्हावी, हा निव्वळ योगायोग असेल. पण पुढची हकीकत ऐकल्यावर तो थोडा बोचतो.

हुंडीचे आख्यान भक्तीचे आहे यात शंका नाही. परंतु सुरतेच्या पेढीवर दिवसभर बसलेला गुमास्ता रात्री ते ऐके, तेव्हा त्याला त्यात आणखीही काही ऐकू येत असले पाहिजे. हुंडीचे सगळे शास्त्र त्याला मुखोद्गत होते. दाखविताच पैसे द्यावयाची ती दर्शनी, ठराविक दिवसांनी द्यावयाची ती मुदती. पतदार माणसाच्या हातीच पैसे पडावेत अशी अट असेल तर ती शहाजोग, माल सुखरूप पोहोचला तरच पैसे द्यावयाचे असतील तर ती जोखमी. हुंडी हरवली तर पेठ, पेठही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झाले की त्या कागदाचा खोका झाला. हा सारा डोलारा उभा होता तो दूरगावचा कोणी एक माणूस आपली सही ओळखील आणि मान राखील, एवढ्या भरवशावर. शिवाजी महाराजांच्या स्वारांनी वीरजी व्होऱ्याचा वाडा धुऊन नेला. पण तिजोरीतले नेता येते, दुसऱ्या गावी असलेली पत घोड्यावर लादता येत नाही. लुटीनंतरही सुरतेची देवघेव चालू राहिली, याचे एक कारण मला येथे दिसते. आणि पुढे 1803 च्या सुमारास इंग्रजांची सैन्ये शिंदे-भोसल्यांवर चालून गेली, तेव्हा त्यांच्या खर्चाची तोंडमिळवणी करण्यात सुरतेच्या त्रवाडी अर्जुनजी नाथजीच्या पेढीच्या हुंड्यांचा मोठा हात होता. मराठी राज्याचा पराभव तोफांइतकाच या कागदांनीही केला, असे म्हटले तर ते अगदीच वावगे होणार नाही.

सुरतेच्या लेखी नरसीची कथा ही अशी आहे: ज्याची पत कवडीचीही नाही अशा माणसाची सही साक्षात परमेश्वराने मानली. आपल्या तुकोबांची गोष्ट याच्या नेमकी उलट. वाण्याच्या घरी जन्मून त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. एकाने कागद सोडून दिला, दुसऱ्याने कागदातच देव पाहिला. देहू आणि सुरत या दोन गावांतले अंतर याहून चांगले मला सांगता येणार नाही.

एकोणिसाव्या शतकात मात्र सुरतेचे दैव फिरले. व्यापार मुंबईस गेलाच होता. त्यात 1837 च्या एप्रिलात लागलेली आग तीन दिवस धुमसत राहिली आणि तिने 9,373 घरे भस्मसात केली. घरांचेच नुकसान अदमासे 46 लाख रुपयांचे. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस तापीला महापूर आला आणि जळून उरलेले शहर पाण्याखाली गेले. त्यात आणखी 27 लाख. ज्याने पुढे या नगरीचे रडगाणे गायचे तो नर्मदाशंकर लालशंकर दवे, म्हणजे कवी नर्मद, सुरतेच्या आमलीरान मोहल्ल्यात 1833 च्या ऑगस्टात जन्मला होता. आगीच्या वेळी त्याला चार वर्षेही पुरी झाली नव्हती. दोन वर्षे आधी, 1831 मध्ये, याच गावी एका जैन व्यापाऱ्याच्या घरी प्रेमचंद रायचंद जन्मले होते. दोघांचीही कर्मभूमी मुंबई ठरली.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतला कापूस इंग्लंडास जाईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या. या कापसाचे तिकडच्या बाजारातले नाव होते ‘सुरत’. तो भडोचचा असो, खानदेशचा असो की आमच्या वऱ्हाडातला असो, विलायतेत उतरला की सरसकट सुरतच. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला. मागावर सूत पुन्हा पुन्हा तुटे. विणकराला मजुरी मिळे ती कापडाच्या मापाने, म्हणून धागा तुटला की त्याची भाकरीच तुटे. सॅम्युएल लेकॉक नावाचा एक विणकर या आपत्तीत बेकार झाला. त्याने आपल्या गावरान बोलीत गाणी रचली, ती सुट्या कागदांवर छापून विकली गेली आणि उपाशी लोकांनी ती रस्त्यारस्त्यांतून म्हटली. त्यांतले एक ‘सुरतच्या विणकराचे गाणे’. सुरत न पाहिलेल्या माणसाने सुरतेला दिलेल्या शिव्यांचे ते गाणे आहे. देवा, कापूस पाठव, पण सुरत नको, अशी प्रार्थना तिकडे एकाने केल्याची आख्यायिका आहे. पुढे पुढे त्या भागात वाईट वस्तूलाच ‘सुरत’ म्हणू लागले. एका मद्य बनविणाऱ्याला कोणी ‘सुरतवाला’ म्हटले, तेव्हा त्याने अब्रूनुकसानीचा दावा लावला. ज्या नावावर हुंडी डोळे मिटून घेतली जाई, त्या नावाची ही गत!

आणि नेमक्या त्याच महिन्यांत त्याच कापसाने मुंबईत सोन्याचा पाऊस पाडला. आलेल्या पैशाला वाट पाहिजे म्हणून बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बेच्या कंपनीचा 5 हजार रुपये भरलेला भाग 50 हजारांच्या घरात गेला. या साऱ्या बाजाराचा अनभिषिक्त राजा होता सुरतेचा प्रेमचंद. सट्ट्याचे वेड सुरतेपर्यंत पोहोचले. वढवाणच्या कवी दलपतरामांनी ‘शेरसट्ट्याच्या गरब्या’ लिहिल्या. गरबी हा बायकांनी फेर धरून गायचा प्रकार. देवीच्या आणि कृष्णाच्या गाण्यांच्या चालीवर शेअरबाजाराचे नाव यावे, यावरून त्या वेडाची लागण किती खोल गेली होती ते दिसते. नर्मदाने 1 सप्टेंबर 1864 रोजी ‘डांडियो’ नावाचे पत्र काढले आणि रात्रीच्या पहारेकऱ्याने दंडुका आपटावा तसा तो या सट्टेबाजीवर ओरडत राहिला. कोणी ऐकले नाही. अमेरिकेतले युद्ध 1865 च्या एप्रिलात संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि 1 जुलै 1865 हा वायद्यांचा दिवस उजाडला, तेव्हा मुंबईत एकमेकांची सही मानणारा शोधून सापडेना. जुनी बँक ऑफ बाँबे त्या धक्क्यातून उठली नाही. प्रेमचंदांचेही वैभव ओसरले.

कालचे शेट सकाळी दिवाळखोर झाले, ही हकीकत आपण ऐकलेली असते. कवीचे काय झाले हे सहसा कोणी विचारीत नाही. नर्मदाने 23 नोव्हेंबर 1858 रोजी मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडली होती. लेखणीकडे पाहून डोळे भरून आले आणि यापुढे मी तुझ्या मांडीवर, अशा अर्थाचे शब्द त्याने उच्चारले. सरस्वतीच्या भरवशावर काढलेली ही एक हुंडीच होती. पण ती सकारणार कोण? त्याच्या पुस्तकांना आधार देणारे मित्र बाजारातलेच होते आणि बाजारच बुडाला. ‘नर्मकोश’ हा गुजरातीचा पहिला मोठा शब्दकोश त्याने बहुतेक एकहाती रचला आणि कर्ज काढून 1873 मध्ये पुरा छापला. सुरतेची संक्षिप्त हकीकतही त्यानेच लिहिली. आणि सुरतेच्या दुर्दशेवर ते गीत रचले. सुरत हे गावाचे नाव आणि सूरत म्हणजे चेहरा, या दोन शब्दांवर खेळत तो एके काळच्या सोन्याच्या मूर्तीला तिच्या आजच्या रडवेल्या मुखाबद्दल विचारतो. गुजरातीतील हे पद अनेकांना अजून पाठ आहे. मला ते वाचताना नेहमी वाटते की हा प्रश्न गावाला नाही, आरशातल्या माणसाला आहे. 1882 मध्ये, चोवीस वर्षांनी, त्याने व्रत मोडले आणि मुंबईच्या गोकुळदास तेजपाल धर्मादायाची नोकरी पत्करली. चार वर्षांतच, 1886 च्या फेब्रुवारीत, तो गेला. द्वारकेचा शेट नरसीसाठी आला. नर्मदासाठी आला नाही.

प्रेमचंद 1906 पर्यंत जगले. बाजार चढता असताना, 1864 मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. मनोऱ्याला आईचे, राजाबाईचे, नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा. तो 1878 मध्ये पुरा झाला आणि आजही उभा आहे. इंग्रजी अमदानीत त्याच्या घंटांवर आळीपाळीने सोळा सुरावटी वाजत आणि दिवसातून चार वेळा त्या बदलत. त्यांत ‘रूल ब्रिटानिया’ होती, ‘होम, स्वीट होम’ होती. आता दर पाव तासाला एकच सुरावट ऐकू येते.